उघडं ठेवायचं भांडं

मंगळवारी सकाळी तू गच्चीवर गेलीस. भांडं बदललंस. खाली येताना जिन्याच्या पायरीवर बसलीस. दूधवाल्यानं दारातून तेलुगूत "पालु", दूध, म्हणून हाक दिली. तू उत्तर दिलं नाहीस. त्यानं समोरचं माझं दार वाजवलं. आम्ही तुला ऑटोतून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि तू गेलीस असं सांगितलं.

वनिता, तुझ्यामागे मला सुतक नव्हतं. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अंघोळ करून मी नेहमीसारखी देवाजवळ दिवा लावायला गेले आणि काडेपेटी हातात धरून थांबले. लावावा की लावू नये? अशा गोष्टी मी तुलाच विचारत असे, आणि तू म्हणायचीस, "मले काय इचारतं व, मी का भटजी हाये?" सुतक तुझ्या भावाला, विनायकदादांना होतं. वहिनींना होतं. नेरडीगोंड्याच्या तुझ्या चुलतभावांना होतं, ज्यांची नावं तुला धड आठवत नसत. मी समोरच्या घरातली बाई. मी दिवा लावला.

शाळेतही तेच झालं. जैनथला, माझ्या शाळेत, फोन करून मी मुख्याध्यापकांना सांगितलं की आज येता येणार नाही. त्यांनी विचारलं, कोण लागत होत्या तुमच्या? मी म्हटलं, शेजारी. ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मग दुपारच्या बसनं या."

मी दुपारच्या बसनं गेले. सहावीला एक धडा शिकवला. कोणता, ते आठवत नाही.

तू ज्या कामात शेवटचा हात घातलास ते काम या गावात अजूनही फारसं कुणाला माहीत नाही. लोक मला विचारतात, त्या कॉलेजच्या मॅडम गच्चीवर काय करायच्या? मी सांगायला लागते आणि पहिल्याच वाक्यात अडकते. तू किती सोपं करून सांगायचीस. म्हणायचीस, "आपल्या साड्या झिजतात, गाड्यायचे टायर झिजतात, ताडपत्र्या झिजतात, पोती झिजतात. झिजलेलं जातं कुठं? हवेत जाते. डोळ्याले दिसत नाई इतकं बारीक होऊन फिरते, मंग कुठंतरी पडते. जिथं पडते तिथं मी भांडं ठेवलं." बस, एवढंच. शहरांच्या हवेतलं प्लास्टिक मोजण्याचं काम हैदराबादच्या एका संस्थेनं काढलं होतं. मोठ्या शहरांच्या जोडीला त्यांना काही लहान गावं हवी होती, आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या तुला त्यांनी विचारलं. त्या दिवशी तू पत्र घेऊन माझ्याकडे आलीस आणि दारातूनच ओरडलीस, "मास्तरीणबाई, आदिलाबाद शहर हाये! हैदराबादवाल्यायनं सांगतलं. आजपासून नीट राह्यत जा."

मी तेव्हा वाचत बसले होते. पुस्तकात बोट घालून मी तुझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यात मी काय करायचं?"

"तू भांडं धरायचं. माझा हात एकटीचा पुरत नाई."

हात पुरत होता तुझा. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं, आणि मी ते तुला कधी बोलून दाखवलं नाही.

काचेचं ते खोल भांडं. कमरेइतक्या उंच लोखंडी घडवंचीवर, आभाळाकडे तोंड करून. महिनाभर उघडं ठेवायचं. महिना झाला की त्या जागी नवं भांडं ठेवून जुनं खाली आणायचं, गाळलेल्या पाण्यानं धुऊन घ्यायचं, त्यातला पालापाचोळा आणि किडे औषधानं जिरवायचे आणि उरलेलं पाणी कागदातून गाळायचं. मग तो कागद तुझ्या बैठकीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली. रविवारी सकाळी सुरुवात केली की जेवायची वेळ टळून जायची. मोजून झालं की कागद काचेच्या डबीत बंद करून हैदराबादला जायचा. तिथलं यंत्र सांगायचं की आपण प्लास्टिक म्हटलं ते खरोखर प्लास्टिक आहे की नाही. आपण फारशा चुकत नव्हतो.

मला सगळ्यात जास्त आठवतात ते आपले केशरी एप्रन. तुला भीती होती ती आपलीच. आपल्याच अंगावरचे धागे झडून भांड्यात पडले आणि आपण ते हवेतले म्हणून मोजले तर? म्हणून तू बाजारातून मांजरपाटाचा एकच तागा आणलास, दोन एप्रन शिवून घेतलेस आणि दोन्ही भडक केशरी रंगवलेस, कारण तो रंग गावच्या धुळीत सहसा सापडत नाही. केशरी तंतू दिसला की तो आपला. तो काढून टाकायचा, मोजायचा नाही. आपण दोघी तसल्या एप्रनमध्ये गच्चीवर उभ्या राहिलो की खालून जाणारी माणसं थांबायची. पलीकडच्या घरच्या लक्ष्मम्मांनी एकदा तुला तेलुगूत विचारलं, टीचरम्मा, कुठली दीक्षा घेतलीत? तू अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, धुळीची. त्यांनी हात जोडले. मला हसू आवरेना, आणि तू मला दटावलंस, "हसू नको, भांड्यावर शिंकशीन."

घरातूनही तू किती काय बाहेर काढलंस. प्लास्टिकचा झाडू गेला, चकचकीत पडदे गेले, मी भेट दिलेली मऊ चादर गेली. ती चादर तू मला परत आणून दिलीस आणि म्हणालीस, "राग मानू नको. ही लई झडते." मी राग मानला होता. दोन रविवार मानला असेल. मग थंडीत तीच चादर पांघरताना मला दिसायला लागलं की ती खरंच किती झडते.

सूक्ष्मदर्शकात मी पहिल्यांदा डोळा घातला तेव्हा मला काहीच दिसलं नाही, माझ्याच पापण्या दिसल्या. तू माझं डोकं धरून नीट केलंस. मग दिसलं ते पांढऱ्या फितींचं जंगल. पिळलेल्या, चपट्या, कुठे दुमडलेल्या फिती. मी घाबरून म्हटलं, "अगं, एवढं प्लास्टिक?" तू इतकी हसलीस की खुर्ची मागे सरकली.

"कापूस हाये तो! आपल्या जिनिंगचा. त्याले घाबरतं काय, तो गाववाला हाये. हवेत त्याचाच मान पहिला."

आणि मग तू मला फरक दाखवलास. कापसाचा तंतू वळलेला असतो, जाडीला कमीजास्त असतो, उगवलेला असतो म्हणून. प्लास्टिकचा तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखाच असतो. शंका आली तर तापलेली सुई त्याच्याजवळ न्यायची. प्लास्टिक आकसतं, गोळा होतं. कापूस आकसत नाही, जळून जातो. तू शेतकऱ्याघरची, कापूस वेचत वाढलेली. सुई धरलेला तुझा हात मी बघत राहायचे. कापूस जळला की तू प्रत्येक वेळी हळूच "च्च" म्हणायचीस. तुला ते कळत होतं का?

इचोड्याची ती दुपार तुला आठवत असेल. विनायकदादांचं साड्यांचं दुकान हमरस्त्याला लागून. ट्रक, ढाबे, हॉर्न, आणि आत काउंटरवर डोंगराएवढ्या साड्या, सगळ्या कृत्रिम धाग्याच्या, कारण गिऱ्हाइकाला त्याच परवडतात आणि इस्त्रीचा त्रास नसतो. तू म्हणालीस, दादा, एक दिवस तुझ्या दुकानात भांडं ठेवू दे. दादांनी भांड्याकडे पाहिलं, तुझ्या केशरी एप्रनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी तरी समजवा. ही आमच्या धंद्यावर उठली का काय?"

"तुझ्या धंद्यावर नाई, तुझ्या छातीवर उठली हाये," तू म्हणालीस. "दिवसभर इथं बसून तू काय गिळून राह्यला ते पाहाचं हाये मले."

"मी चहा गिळून राह्यलो. तुमी बी घ्या."

भांडं ठेवलं गेलं. दादा साडी झटकताना मुद्दाम तुझ्या भांड्याच्या दिशेनं झटकायचे आणि तू ओरडायचीस. त्या भांड्यात इतके रंग निघाले की तू मोजणं सोडून नुसती बघत बसलीस. मग म्हणालीस, दादाला सांगू नको. मी विचारलं, का? तू म्हणालीस, "सांगून काय करीन तो? दुकान बंद करीन का? नुसता खोकला आला का घाबरून जाईन." तो आकडा दुकानातला होता, गावच्या हवेचा नव्हता, म्हणून तू तो कुठेच धरला नाहीस. पण त्यानंतर दर रविवारी तू दादांना फोन करून विचारायचीस, खोकला नाई न? आणि ते म्हणायचे, काऊन इचारतं रोज रोज?

आपलं एक भांडण राहिलं आहे, वनिता. ते मी इथे लिहिते, कारण आता ते माझ्या एकटीकडे आहे.

दिवाळीनंतरच्या भांड्यात ते काळे, कडा वितळलेले तुकडे निघाले. बाजारामागे कचऱ्याचे ढीग पेटवतात त्यातलेच, हे तुलाही माहीत होतं. मी म्हटलं, मी यावर लिहिते. मराठी पेपरात देते. इथून जैनथच्या शाळेत येणारी माझी मुलं त्या धुरातून बसला येतात.

"वर्ष होऊ दे," तू म्हणालीस.

"तोवर पोरांनी श्वास घ्यायचा थांबवायचा का?"

"अवं, एका भांड्यावरून गावाची हवा ठरवतं का? एका पोराच्या पेपरावरून वर्गाचा निकाल लावतं का तू?"

"एका पोराचा पेपर जळालेला आला, तर तेवढं तरी सांगशील की नाही?"

"तू भाषेची बाई. वाक्य पुरं झालं का तुले बरं वाटते. मले वर्ष पुरं पायजे. अपुऱ्या वर्षाचा आकडा घेऊन गेलं का हापिसातला कोणता बी माणूस मले म्हणीन, मॅडम, हे तर दिवाळीचं हाये, हे तर हिवाळ्याचं हाये. पुरं वर्ष असलं का त्याले तोंड नाई उरत."

मी उठून घरी गेले. दोन-तीन दिवस आपण बोललो नाही. गल्ली ती केवढी, तरी आपण एकमेकींना चुकवत होतो. मग एका संध्याकाळी तू स्टीलच्या डब्यात अंबाडीची भाजी पाठवलीस. कॉलेजात तू तिला गोंगुरा म्हणायचीस आणि घरी अंबाडी. मी डबा धुऊन, तिळाच्या वड्या घालून परत केला. रविवारी आपण पुन्हा बसलो, पण त्या विषयाला दोघींनीही हात लावला नाही. मला वाटलं होतं, वर्ष झालं की बोलू.

वर्ष का पुरं हवं होतं, हे मात्र तू मला नंतर एकदा सांगितलंस. कागद गाळत होतीस, मान वर न करता बोललीस. संस्थेनं आधीच सांगितलं होतं की ज्या गावाचे सगळे महिने भरतील तेच गाव त्यांच्या तक्त्यात येईल; एक महिना जरी गळला तरी नाही. आणि तुला आदिलाबाद त्या तक्त्यात हवं होतं. "आपल्या हवेचं आजवर कोणी काई मोजलंच नाई," तू म्हणालीस. "कापूस मोजला, पाणी मोजलं, सागवान मोजलं. आपण काय श्वासात घेतो ते कोणाले पडलं हाये? मोठ्या शहरायच्या खाली एका ओळीत आपलं नाव आलं न, का मंग कोणी म्हणू शकत नाई का इथं काई नाई." इतकं मोठं तू सहसा बोलत नसायचीस. मी तुला पुढचा कागद दिला. मला तेव्हा जे म्हणायचं होतं ते या कामाबद्दल नव्हतंच.

मला त्या तंतूंचं फारसं काही वाटत नव्हतं, वनिता. मी रविवारसाठी येत होते. माझा मुलगा पुण्यात, त्याचा फोन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. बाकी माझी पुस्तकं. पुस्तकं मला पुरतात असं मी सगळ्यांना सांगत आले, तुलाही. पण तुझ्या बैठकीत, सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यात, तू "कापूस", "कापूस", "हा पाहा, हा निळा, हा मोज" असं पुटपुटत असायचीस आणि मी खुणा करत असायचे, तेव्हा मला वाचायची आठवणही होत नसे. हे मी बोलले नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, मंग रोज येत जा न व. इतकं सोपं होतं ते.

तू गेलीस तेव्हा वर्षाचा शेवटचा महिना सुरू होत होता. त्याच मंगळवारी सकाळी तू शेवटचं भांडं ठेवलंस. संक्रांतीपर्यंत ते उघडं राहिलं की झालं. दवाखान्यातून परत येतानाच माझ्या मनात ते आलं, आणि आल्याबद्दल मला लाज वाटली.

तुझ्या घरी चूल पेटत नव्हती. शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं असतं, म्हणून मी ज्वारीच्या भाकरी आणि झुणका घेऊन रोज जात होते. तिथे येऊन राहिलेल्या वहिनी दारात डबा घ्यायच्या. आत पाहुणे बसलेले असायचे. त्यांच्या मागेच जिना होता. पण ज्या पायरीवर तू बसलीस ती ओलांडून मला गच्चीवर जाऊ द्या, तिथे एक भांडं आहे, हे सुतकाच्या घरात कुठल्या तोंडानं म्हणायचं? मला ना नातं होतं, ना हक्क. माझ्या गच्चीवरून तुझी गच्ची दिसते, पण कठड्याआड भांडं दिसत नाही. मी रोज संध्याकाळी वर जाऊन नुसती त्या कठड्याकडे बघायचे.

तेरावं झाल्यावर गेले. वहिनींना म्हटलं, जरा वर जाऊन येऊ का, वनिताचं भांडं आहे. त्या लगेच उठल्या.

"चला न. मी ते नीट ठेवलं हाये."

नीट ठेवलं हाये, हे ऐकताच मी त्यांच्या आधी जिन्याकडे वळले. आम्ही वर गेलो. भांडं घडवंचीवरच होतं. त्याच्या तोंडावर साडीचं प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर ताणून बसवलेलं होतं आणि खाली नाडीनं घट्ट बांधलेलं होतं. दुकानातून पाहुण्यांसाठी आलेल्या साड्यांपैकी एकीचं ते कव्हर.

"तिसऱ्या दिवशी गच्ची धुवाले आली तं पाह्यलं," वहिनी सांगू लागल्या. "भांडं उघडंच. जिनिंगचा कापूस उडून राह्यला होता, धूळ पडून राह्यली होती. वनुताईचं काई महत्त्वाचं असंन म्हणून झाकून टाकलं. तवापासून एक कण बी जाऊ नाई देला पाहा मी त्यात." आणि त्या रडू लागल्या. "जितेपणी तिचं काई समजलं नाई आमाले. म्हटलं, एवढं तरी सांभाळावं."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "बरं केलंत, वहिनी."

तू असतीस तर काय केलं असतंस? आधी कपाळावर हात मारला असतास. मग बहुधा तूही हेच म्हणाली असतीस. मी त्यांना खरं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. या सगळ्या दिवसांत तुझ्या कामाला घरातल्या कुणी हात लावला असेल, तर तो त्यांनी. आणि तो मायेनंच लावला.

मी नाडी सोडली आणि संक्रांतीपर्यंत भांडं तसंच उघडं ठेवलं. का, ते नीट सांगता येणार नाही. मग तुझ्या शिकवणीप्रमाणे सगळं केलं. धुतलं, जिरवलं, गाळलं. रविवारी तुझ्या बैठकीत एकटी बसले. दादांनी किल्ली दिली होती. मोजून झाल्यावर मी आकडा पाहिला आणि जुने आकडे काढून शेजारी ठेवले. आकडा मागच्या महिन्यांसारखाच होता. जवळपास तेवढाच. कुणालाही शंका आली नसती.

पण रंग वेगळे होते. राणी रंगाचे, पोपटी, मोरपंखी. आपल्या गच्चीवर वर्षभरात असे कधी पडले नव्हते. ते साडीच्या कव्हरला चिकटून आले होते. गावच्या हवेतून जे यायला हवं होतं ते कव्हरनं बाहेर अडवलं होतं, आणि दुकानातलं आत सोडलं होतं. दोन चुकांनी मिळून आकडा बरोबर करून ठेवला होता.

हैदराबादच्या मॅडमचा फोन आला. त्यांना तुझं कळलं होतं. खूप आदरानं बोलल्या. मग हळूच विचारलं, शेवटचा महिना झाला का? "जितना भी आया है, भेज दीजिए. आदिलाबाद का साल पूरा हो जाएगा." आकडा त्यांना तंतू आणि तुकडे एवढाच हवा असतो. रंग कुणी विचारत नाही. यंत्रही त्या तंतूंना प्लास्टिकच म्हणालं असतं, कारण ते प्लास्टिकच होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं, आणि तुझी ती एक ओळ मोठ्या शहरांच्या खाली आली असती. फोन कानाला लावून मी तुझ्या खुर्चीकडे पाहत होते. तुझ्यासाठी खोटं बोलणं मला इतकं सोपं वाटलं की मी घाबरले.

"मॅडम, नमूना बिगड़ गया है," मी म्हटलं. "बर्तन ढका हुआ था."

मग त्यांनी विचारलं, कितने दिन? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग नाही घेता येणार. मी म्हटलं, माहीत आहे.

तुझ्याच गच्चीवर आणखी एक महिना भांडं ठेवता आलं असतं, मुदत वाढवून देऊ असं त्या म्हणाल्याही. पण दादांनी तोवर घर भाड्यानं दिलं होतं. त्यांचंही बरोबर आहे. बंद घराला वाळवी लागते. भाडेकरू मंडळी भली आहेत, वरंगलकडची. त्यांनी आल्याबरोबर गच्चीवर पत्र्याचं छप्पर घातलं. आभाळ राहिलं नाही.

तर आपल्या भांडणाचा निकाल असा लागला. अपुरं वर्ष घेऊन कुणाकडे जायचं नाही, हे तू म्हणत होतीस. आणि ऐन वेळी तुझ्या बाजूनं बोलले ती मी. तू जिंकलीस, आणि त्यामुळेच तुझी ओळ गेली. यावर तू हसली असतीस की रागावली असतीस, याचा मी रोज विचार करते. दोन्ही चेहरे मला दिसतात, पण कुठलाही थांबत नाही.

एक राहिलं सांगायचं. त्या शेवटच्या कागदावर एक केशरी तंतू होता. तू मंगळवारी भांडं ठेवताना पडलेला असेल, किंवा मी संक्रांतीला ते काढताना. तागा एकच, रंग एकच. तुझा की माझा, हे कुठलंही यंत्र सांगू शकणार नाही. नियमाप्रमाणे तो मोजायचा नाही. मी मोजला नाही. पण नमुना तसाही बादच होता, म्हणून काढलाही नाही. तो कागद हैदराबादला गेला नाही, डबीत आहे.

दादांनी घर रिकामं करताना भांडी, घडवंची, सूक्ष्मदर्शक, सगळं माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. म्हणाले, "मॅडम, हे तुमीच ठेवा. आमाले यातलं काई समजत नाई. वनी असती तं तिनं तुमालेच देलं असतं." जाता जाता ते खोकले. मी विचारलं, खोकला कधीपासून आहे? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "आता तुमी इचारसान का?"

विचारते. रविवारी फोन करते.

घडवंची मी माझ्या गच्चीवर मांडली आहे. हैदराबादहून कळवलं आहे की नवं वर्ष धरायचं असेल तर पहिल्या महिन्यापासून धरावं लागेल. माझी गच्ची तुझ्यापेक्षा एका मजल्यानं खाली आहे, बाजूला कडुलिंब आहे, वाराही वेगळा लागतो. म्हणून माझे आकडे तुझ्या आकड्यांना जोडता येणार नाहीत. तुझे महिने वेगळे राहतील, अपुरे. माझा पहिला महिना सुरू झाला आहे. भांडं उघडं आहे, आणि ते बदलायला मी एकटी आहे.